कंपासपेटीतला मोदक

आठ वर्षांची असताना मी शाळेतून परस्पर इंदूरच्या रामबागेतल्या एका मैत्रिणीकडे गणपतीला गेले. घरी सांगितलं नव्हतं. आरती झाली आणि काकूंनी सगळ्या मुलींच्या हातावर एकेक उकडीचा मोदक ठेवला, माझ्याही. बाकीच्यांनी तिथेच खाल्ला. मी ‘घरी जाऊन खाते’ म्हणाले आणि तो कंपासपेटीत ठेवला. मावेना, म्हणून दाबून बसवला. घरी येईपर्यंत कर्कटकाला गूळखोबरं लागलं होतं आणि पेटीच्या झाकणातून तूप झिरपून भूगोलाची वही तेलकट झाली होती.

आमच्या घरी मूर्तीपुढचा प्रसाद खायचा नाही, हा नियम होता. पप्पा नगरहून नोकरीसाठी इंदूरला आलेले, कडक प्रोटेस्टंट. रोज रात्री आठ वाजता कौटुंबिक प्रार्थना, त्याआधी जेवण नाही. रविवारी सिनेमा नाही, खेळ नाही, बाजार नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं इंदूर मिलच्या झाँक्या, म्हणजे कापडगिरण्यांचे सजवलेले चित्ररथ, बघायला रस्त्यावर उतरायचं, तेव्हा आम्ही भावंडं गच्चीवरून फक्त ढोलांचा आवाज ऐकायचो. त्याचं मला फार दुःख होतं असं नाही. मुलांना आपल्या घराचे नियम लवकर अंगवळणी पडतात.

पण त्याच वर्षी मे महिन्यात मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, उन्हाळी वर्गात बाहेरगावचे एक शिक्षक आले होते. त्यांच्याकडे फ्लॅनेलचा फळा होता. त्यावर ते कापलेली चित्रं चिकटवायचे. एका चित्रात रुंद रस्ता होता, त्यावर माणसं हसत चालली होती, आणि रस्ता संपतो तिथे ज्वाळा होत्या. त्यांनी आम्हा तीसेक मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, ‘आज रात्री तू मेलास तर कुठे जाशील?’

गणपतीच्या त्या रात्री सगळे झोपल्यावर मी कंपासपेटी उघडली. मोदकाची एक कणी चाखली. उरलेला मागच्या नालीत टाकला. मग आत येऊन पडले आणि झोपू शकले नाही. ती रात्र गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. शेजारी झोपलेल्या धाकट्या भावाच्या नाकाशी बोट धरून मी त्याचा श्वास चालू आहे का बघायची, कारण मला वाटे, माझ्या पापाची शिक्षा आधी त्याला होईल. बायबलातल्या दाविद राजाच्या पापासाठी त्याचं बाळ गेलं होतं, ते मी ऐकलेलं होतं. पुढे कित्येक महिने दुपारी शाळेतून आल्यावर घरात कुणी दिसलं नाही की छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, प्रभू येशू परत आला, विश्वासणाऱ्यांना उचलून स्वर्गात घेऊन गेला, आणि मी मागे राहिले. आई शेजारी पापड लाटायला गेलेली असायची.

हे मी आज, साठी उलटल्यावर लिहिते आहे. त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात दोन वेगवेगळ्या घरांत माझ्यासमोर एकच वाद झाला. लहान मुलांना कडक ख्रिस्ती श्रद्धेत वाढवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे का? पहिल्या घरात बसलेले माझे बुद्धिवादी स्नेही म्हणाले, मुलांवर कुठलाही धर्म लादणं हा अत्याचारच, अठरा वर्षांची झाली की त्यांचं त्यांना ठरवू दे. दुसऱ्या घरात माझेच ख्रिस्ती नातेवाईक होते. ते म्हणाले, आम्हीही असेच वाढलो, काय बिघडलं? शिस्त लागतेच. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि दोन्ही देणाऱ्यांनी त्या मुलीची ती तिसरी रात्र पाहिलेली नाही.

आधी स्नेह्यांचं म्हणणं घेते, कारण ते वरवर फार न्याय्य वाटतं. धर्मावाचून मूल वाढवणं म्हणजे कोरी पाटी ठेवणं, अशी त्यांची समजूत आहे. कोरी पाटी कुणाच्याच घरात नसते. घरात कोण आधी जेवतं, खोटं बोललेलं चालतं का, मेलेल्या आजीविषयी काय सांगायचं, भिकाऱ्याला हाकलायचं की काही द्यायचं, हे सगळं मूल दुसऱ्या वर्षापासून शिकत असतं. मला ते पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, मिळालं. त्या मिळण्यात जे चांगलं होतं ते मी सोडायला तयार नाही. इंदुरात मराठी घरातली मुलंसुद्धा तिसऱ्या पिढीत हिंदीवर जातात. माझ्या वर्गातल्या देशस्थ-कऱ्हाड्यांच्या मुली घरी ‘मम्मी, मेरेको’ म्हणायच्या. मी मराठी वाचायला शिकले ती रात्रीच्या प्रार्थनेत, पप्पांच्या मांडीवर उघडलेल्या त्या काळ्या पुस्तकातून. तेविसावं स्तोत्र मला पाचव्या वर्षी पाठ होतं. नारायण वामन टिळकांची गीतं आम्ही पेटीवर म्हणायचो. आमच्या चर्चची उपासना हिंदीत असल्यामुळे मराठीतला देव हा आमच्या घरचा देव होता. खोटं बोलायचं नाही, उसनं घेतलेलं परत करायचं, मुलीला मुलाइतकंच शिकवायचं, कुणाला जातीवरून बोलायचं नाही, हे नियमही त्याच घरातले, आणि तेही तितकेच कडक.

शिवाय ‘धार्मिक संस्कार म्हणजेच नुकसान’ याला आधार नाही. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या संशोधकांनी २०१८ साली पाच हजारांवर अमेरिकन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी दर आठवड्याला उपासनेला जाणारी किंवा रोज प्रार्थना करणारी मुलं तरुणपणी आयुष्याविषयी अधिक समाधानी दिसली, नशेकडे कमी वळलेली दिसली. ती मुलं अमेरिकेतल्या परिचारिकांची होती, इंदूरच्या छावणी भागातली नव्हेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे आणणं बरोबर नाही. तरीही ‘अत्याचार’ हा शब्द इतका सैल वापरणाऱ्यांनी तो वाचावा. त्यात मोजलं आहे ते प्रार्थनेला बसणं. रात्री मेलीस तर कुठे जाशील, हा प्रश्न त्यात मोजलेला नाही.

आणि आता माझ्या नातेवाइकांकडे वळते, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मनात असलं रूपक रूपक म्हणून सहसा पोचत नाही. मुलांच्या आकलनाचा अभ्यास करणाऱ्या पियाजेने मांडलं, की या वयात मूल जे दिसतं, हाताला लागतं, त्याच्याच आधारे विचार करतं. अमूर्त कल्पना उलटसुलट करून पाहण्याची ताकद साधारण अकरा-बारानंतर येते. मोठ्या माणसाला नरक म्हणजे देवापासूनचा कायमचा दुरावा, असं म्हणता येतं. मुलाला नरक म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह, त्याच्या ज्योतीवर चुकून लागलेलं बोट, आणि ते बोट कधीच मागे घेता न येणं. त्यात भर म्हणजे हा न्यायाधीश मनातलंही ऐकतो. शाळेतले सर रागावले तर घरी येऊन आईला सांगता येतं. आई रागावली तर आजीकडे जाता येतं. देव रागावला तर कुणाकडे जायचं? आणि ज्यांच्याकडे जायचं ते आईवडीलच देवाच्या बाजूने उभे असतात.

यातून काही मुलांना पापाच्या शंकेचा रोग जडतो. हात पुन्हापुन्हा धुणाऱ्या माणसासारखं मन पुन्हापुन्हा धुतलं जातं. क्षमा मागितली, पण नीट मागितली का? मनापासून मागितली का? मानसोपचारतज्ज्ञ हा वेडेपणा समजत नाहीत. ध्यास-सक्तीच्या आजाराचा (ओसीडीचा) हा एक ओळखीचा प्रकार आहे आणि त्याला उपचार आहेत. चर्चला तो शतकानुशतकं ठाऊक आहे. येशूसंघाचा (जेझुइट पंथाचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा गावी याच शंकांनी इतका ग्रासला होता, की जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेला. आणि ज्याच्यामुळे आम्ही प्रोटेस्टंट झालो, तो मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसायचा, बाहेर पडला की विसरलेलं पाप आठवून परत यायचा. ल्यूथरने आपल्या लहानपणाविषयी सांगितलेली एक गोष्ट मला कळली तेव्हा मी चाळिशीत होते, आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. एक अक्रोड उचलला म्हणून त्याच्या आईने त्याला रक्त येईपर्यंत मारलं होतं. वडिलांनी एकदा इतकं मारलं, की तो त्यांच्यापासून दूर दूर राहू लागला. आपल्याला मठाकडे ढकललं ते याच कडकपणाने, असं तो म्हणतो. आईवडिलांचा हेतू चांगला होता, हेही तो म्हणतो. माझा मोदक, त्याचा अक्रोड. मध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं आणि अर्धं जग.

पप्पांनी मला कधी मारलं नाही, हे सांगायला हवं. पण मारणारी घरं मी खूप पाहिली, आणि मारताना नीतिसूत्रांतलं छडीचं वचन म्हणणारे वडीलही पाहिले. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. हे वचन आहेच, ते नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे मूळ हिब्रूत छडीसाठी जो ‘शेवेट’ शब्द आहे, तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात आहे, आणि तिथे तो धीर देतो. मेंढपाळ त्या काठीने लांडगा हाकलतो. कोकराची हाडं मोडत नाही. याच शास्त्रात येशूचा प्रेषित पौल याने बापांना बजावून सांगितलं आहे, की मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. छडीचं वचन सगळ्या बापांना पाठ असतं. हे दुसरं, कलस्सैकरांस पत्रातलं, किती बापांना पाठ आहे ते मी मंडळीत विचारून पाहिलं आहे. फार थोड्यांना.

मार देऊन मूल सुधारतं का, याचा निकाल आता बराचसा लागलेला आहे. २०१६ साली दोन अमेरिकन संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले, त्यांत सुमारे १,६०,००० मुलं होती. फटके खाणारी मुलं अधिक आक्रमक, अधिक उदास आढळली, आणि अधिक आज्ञाधारक आढळली नाहीत. स्वीडनने १९७९ सालीच घरातल्या मारालाही कायद्याने बंदी केली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. म्हणजे आमच्या उन्हाळी वर्गातला तो प्रश्न एखाद्या बाईंनी शाळेच्या वर्गात, तशाच रीतीने, रोज विचारला असता, तर त्यांना जाब विचारता आला असता. चर्चच्या वर्गात विचारला, म्हणून तो संस्कार ठरला.

मोदकाकडे परत येते, कारण मला तिथेच सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही, हा प्रश्न ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीने पौलाला विचारला होता. त्याचं उत्तर पहिल्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात आहे. तो म्हणतो, अन्नामुळे देवापुढे आपली योग्यता ठरत नाही. खाल्लं म्हणून वाढत नाही, न खाल्लं म्हणून घटत नाही. मूर्तीच्या पंक्तीला बसू नका असं तो सांगतो, पण बाजारातलं अन्न चौकशी न करता खा असंही सांगतो, आणि कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, असंही. दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर मात्र थांब. सगळा कटाक्ष शेजारी बसलेल्या माणसाच्या मनावर आहे. इतकं नाजूक, इतकं सगळ्या बाजूंनी विचार केलेलं उत्तर दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं असताना, ते आम्हा मुलांपर्यंत पोचलं तेव्हा त्याचा फक्त ‘प्रसाद खाल्ला तर नरक’ एवढाच चोथा उरला होता. मी इतकी वर्षं ज्याला कडक श्रद्धा समजत होते ती पुष्कळदा आळशी श्रद्धा असते. प्रश्नाचं उत्तर देण्याचे कष्ट वाचवायचे असले की भीती दाखवतात.

इथे मला पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. त्याच वर्षी वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे (नन्सकडे) मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळ्यांत गोष्ट इथे संपते, टाळ्या वाजतात. पण पुढची दोन-तीन वर्षं रमाबाई आणि त्या भगिनींतल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो म्हणजे एक मोठं भांडण आहे. चर्च सांगेल ते सगळं मान्य करायला रमाबाईंनी नकार दिला. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत त्यांना पटत नव्हता, आणि तसं त्यांनी लिहून कळवलं. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. आणि जे आपल्याला स्वतःलाच पटलेलं नाही ते आपल्या लहान मुलीच्या मनात भरायला त्यांनी विरोध केला. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असलेली, पंचविशीतली विधवा. भगिनींना ती उद्धट वाटली. मला ती मराठी ख्रिस्ती आईपणाची पहिली मोठी साक्ष वाटते. श्रद्धा तिने टाकली नाही. येशूला धरून ती आयुष्यभर राहिली. पण मुलीच्या मनाच्या दाराशी ती उभी राहिली आणि कुणाला आत सोडायचं ते तिने ठरवलं.

त्याच रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची लाट, झालं त्यात शेकडो मुली पापाच्या जाणिवेने रडत, ओरडत होत्या, हेही मी विसरलेले नाही. त्यांतल्या कितीतरी दुष्काळात अनाथ झालेल्या होत्या. त्या रडण्यात भुकेचं, मेलेल्या आईबापांचं रडणं किती होतं आणि पापाचं किती, हे वेगळं काढायला कुणाला जमेल असं मला वाटत नाही. काहींना त्यातून खरंच मोकळं वाटलं असेल. रमाबाई मला मोठ्या वाटतात म्हणून हे पान मी फाडून टाकणार नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं ख्रिस्ती घरांपुरतंच का बोलता? बोलते, कारण मी त्या घरातली आहे. पण मुलांना भीतीत वाढवण्याचा मक्ता आमच्याकडे नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या हव्यासाविषयी लिहिलं आहे, ते वाचताना हसू येतं आणि मग त्या घरातल्या लेकरांचा विचार येऊन थांबतं. माझ्या त्याच रामबागेतल्या मैत्रिणीला अकराव्या वर्षी पाळी आली, तेव्हा चार दिवस ती मागच्या खोलीत चटईवर बसून होती. ‘शिवलीस तर देव कोपेल’ असं तिला सांगितलं होतं. आम्हा दोघींना दोन वेगवेगळ्या देवांनी रात्री जागं ठेवलं, आणि एकमेकींना ते सांगायला पन्नास वर्षं लागली.

हे लिहिताना एक धास्ती मनात आहे, ती लपवत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात हजारात जेमतेम तीन माणसं ख्रिस्ती आहेत. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीपासून या प्रांतात आमच्याकडे संशयाने बघायची सवय आहे. १९६८ चा धर्मांतराचा कायदा होता, २०२१ साली त्याहून कडक आला. अशा हवेत मी ‘ख्रिस्ती घरांत मुलांना त्रास होतो’ असं लिहिलं, तर ते वाक्य उचलून कुणी आमच्या रविवारच्या शाळेच्या दारावर येईल, अशी भीती मला माझ्या भावाने बोलून दाखवली. तो म्हणाला, घरातलं घरात ठेव. मी त्याचं ऐकलं नाही, कारण घरातलं घरात ठेवलं म्हणूनच मी तेव्हा कुणाला काही सांगू शकले नाही. पण सरकारने किंवा जमावाने आमच्या घरात शिरावं, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

कुठे शिरावं आणि कुठे नाही, याचा विचार न्यायालयांनी केलेला आहे. केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातली ही मुलं १९८५ साली शाळेतून काढली गेली, कारण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल मला बरोबर वाटतो, जरी त्यांचा पंथ मला पटत नाही. कुणाचंही नुकसान न करता मूल आपल्या घराच्या श्रद्धेने वागत असेल तर राज्याने हात लावू नये. त्याच्या उलट टोकाला अमेरिकेतला १९४४ चा एक निकाल आहे. आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं असेल तर व्हावं, पण त्यासाठी मुलांना हुतात्मा करण्याचा हक्क त्यांना नाही, असं तिथलं न्यायालय म्हणालं. प्रार्थनेने बरं होईल म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला डॉक्टरकडे न नेणारे पंथ जगात आहेत, आणि तिथे राज्याने दार तोडून आत जावं.

मधला प्रदेश अवघड आहे. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आधुनिक जगापासून दूर राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या आईबापांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढायची मुभा दिली. न्यायमूर्ती डग्लस यांनी तेव्हा वेगळं मत नोंदवलं: आईबापांना विचारलंत, सरकारला विचारलंत, पण ज्याचं आयुष्य आहे त्या मुलाला काय हवं ते कुणी विचारलं का? बालहक्कांच्या करारातही, जो भारताने १९९२ साली मान्य केला, चौदावं कलम असंच आहे. श्रद्धेचं स्वातंत्र्य मुलाचं, वाट दाखवण्याचा हक्क आईबापांचा, आणि ते दाखवणं मुलाच्या वाढत्या समजेला धरून हवं. वाढत्या समजेला धरून, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. कंपासपेटीच्या वयाला कंपासपेटीएवढं.

कडक घर आणि दुखावणारं घर यांतला फरक मला इथे दिसतो. मूल एके दिवशी जेवताना म्हणतं, मला हे पटत नाही. त्यानंतर त्याच्या ताटातली पोळी तशीच गरम राहते का? घर कितीही कडक असू दे, रोज दोन तास प्रार्थना असू दे, टीव्ही नसू दे, पण हे वाक्य बोलून मूल आईच्या कुशीत झोपू शकत असेल, तर त्या घराने त्याचं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. आणि घर कितीही सैल असलं, पण या एका वाक्यावर प्रेम अडलं, तर ते मूल आयुष्यभर दोन तोंडांनी जगायला शिकतं. मी शिकले. पप्पांसमोर प्रार्थना करणारी मी आणि रात्री श्वास मोजणारी मी, या दोघींची ओळख व्हायला लग्न होऊन मुलं होईपर्यंत वेळ लागला. बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, आणि आईबाप तीन दिवस त्याला शोधत होते. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ती गोष्ट सांगताना मुलाला पापी ठरवलेलं नाही.

श्रद्धेचा कडकपणा माणसाला कुठवर नेतो, याचं एक उदाहरण आमच्या इंदूरच्या मातीतलं आहे. केरळातल्या कॅथलिक शेतकरी घरातून आलेल्या सिस्टर राणी मारिया इकडे देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींच्या कर्जाचे, सावकारीचे प्रश्न हातात घेऊन काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांना चालत्या बसमध्ये भोसकून मारण्यात आलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, पुढे तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. आई त्याला भेटली, तिने त्याचे हात हातात घेतले. २०१७ साली इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. अशी क्षमा सैल घरात उगवत नाही, असं माझे नातेवाईक म्हणतील, आणि मी ते मान्य करते. त्या घरातही रोज गुडघे टेकले जात असणार. पण राखी कुठल्या धर्माची, हे त्या बहिणीने विचारलं नाही. तुरुंगात शिरताना तिला कुणाच्या नरकाची भीती नव्हती.

पप्पांना मी मोदकाची गोष्ट सांगितली ती ते ब्याऐंशी वर्षांचे असताना. रात्रीची प्रार्थना झाली होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस?’ मी म्हणाले, ‘पप्पा, तुम्हालाच तर घाबरत होते.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला करिंथकरांचा आठवा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. मी वाचत असताना ते पुस्तकाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. तो अध्याय मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला वाचून दाखवला असता, तर पुरलं असतं.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या तयारीच्या बैठकीत, मी आमच्या मंडळीपुढे एक मागणी ठेवली. उन्हाळी वर्गात दहा वर्षांखालच्या मुलांना मरणाचा तो प्रश्न विचारायचा नाही. ज्वाळांची चित्रं दाखवायची नाहीत. डोळे मिटायला लावून सगळ्यांसमोर हात वर करायला सांगायचं नाही. मुलाने काही विचारलं तर ‘विश्वास ठेव’ म्हणून गप्प करायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि पुढच्या रविवारी उत्तर घेऊन यायचं. एक ज्येष्ठ शिक्षिका उठल्या. चाळीस वर्षं त्या रविवारची शाळा घेताहेत, माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच शिकवलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, पापाची जाणीव नसेल तर तारणाची गरज कशी कळेल?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्या तो प्रेमाने विचारत होत्या. मी म्हणाले, ‘बाई, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, असं प्रभू म्हणाला तेव्हा त्याने त्यांच्याकडून आधी काय कबूल करून घेतलं?’ त्यावर त्या खाली बसल्या, पण त्यांना पटलेलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

पाळकसाहेबांनी तोडगा काढला. दहाच्या आतल्या मुलांसाठी माझी यादी मान्य झाली. दहा ते चौदाच्या गटाचं काय, ते अजून ठरलेलं नाही. त्या शिक्षिकाबाई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून त्या गटाचे धडे लिहायचे, असं ठरलं आहे. दर गुरुवारी संध्याकाळी त्या माझ्याकडे येतात. पहिला धडा आम्ही अब्राहाम आणि इसहाकाचा घेतला. देवाच्या आज्ञेवरून बाप मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो आणि शेवटच्या क्षणी देव त्याला थांबवतो, ती गोष्ट. आणि तीन गुरुवार झाले तरी इसहाक डोंगर उतरून घरी आल्यावर आईला काय म्हणाला असेल, या एका ओळीवर आमचं एकमत झालेलं नाही.